प्लॉट-फ्लॅट विकायचेत? मग आधी पुराचं लिहा

सांगलीतल्या कुठल्याही बिल्डरची वेबसाइट उघडा. ‘निसर्गाच्या सान्निध्यात तुमच्या स्वप्नातलं घर’, ‘सर्व सोयींनी युक्त’, ‘गुंतवणुकीची सुवर्णसंधी’. शेजारी एक हसरं कुटुंब. ते सांगलीतलं तर नसतंच, भारतातलं निघालं तरी पुष्कळ. हा मजकूर लिहिणाराही पुन्हा वाचत नाही. माझी साधी परीक्षा आहे: लेखातलं ‘सांगली’ काढा आणि तिथं ‘नाशिक’ घाला. लेख तसाच्या तसा चालला, तर तो टाकून द्या.

मी सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या प्लॉट-फ्लॅटच्या ऑफिसात बसते. व्यवहाराचं सासरे आणि नवरा बघतात. लिहायचं काम माझ्याकडं आहे: आमच्या वेबसाइटवरचे लेख, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर आणि ओळखीच्या एकदोन बिल्डरांचंही. धंद्यासाठी लिहायला बसणाऱ्या माणसाला मी एकच गोष्ट सांगते. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं आणि आपण ‘एकदा साइटवर या, समोरासमोर बोलू’ म्हणून टाळतो, नेमका त्याचाच लेख करायचा. बाकी सगळं त्याच्या मागून.

फोनशेजारची वही

विषय सुचत नाहीत ही तक्रार मला पटत नाही. फोनशेजारी वही ठेवा आणि आलेला प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत उतरवा. शुद्ध करू नका. आमच्या वहीतल्या काही ओळी बघा. ‘तिकडं पाणी आलंवतं का?’ ‘एनए हाय का गुंठेवारी?’ (एनए म्हणजे बिगरशेती झालेली जमीन, गुंठेवारी म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट.) ‘तीस लाखाचा फ्लॅट म्हंजे वर आणि किती घालायचं?’ ‘सातबाऱ्यावर तिघा भावांची नावं हायत, धाकट्याची सही नसली तर चालतंय का?’ ‘आमी कोइमतूरला असतोय, यायला जमणार न्हाई, व्यवहार हुईल का?’

ही पाच वाक्यं म्हणजे पाच लेख, आणि मथळेही जवळजवळ तयार. ‘सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असतील तर सह्या कुणाकुणाच्या लागतात?’ असा मथळा लोक उघडतात. ‘मालमत्ता खरेदीतील कायदेशीर बाबी’ हा उघडत नाहीत. आजकाल बरेच जण टाइपसुद्धा करत नाहीत, फोन तोंडाशी धरून विचारतात. त्यामुळं बोलल्यासारखा मथळा सापडायलाही सोपा. फक्त त्यात गावाचं, भागाचं नाव हवं. नुसतं ‘सांगलीत’ म्हणून भागत नाही. कुपवाड, वानलेसवाडी, माधवनगर, मिरजेत किल्ला भाग, असं नेमकं लिहा.

एका लेखात एकच प्रश्न घ्या. ‘घर घेताना लक्षात ठेवायच्या वीस गोष्टी’ या प्रकाराचा मला मनापासून कंटाळा आहे. विसांपैकी अठरा प्रत्येकाला माहीत असतात आणि उरलेल्या दोन नीट समजावलेल्या नसतात.

पाण्याचा लेख

सांगलीत घराबद्दल लिहायचं आणि कृष्णेबद्दल गप्प बसायचं, हे जमत नाही. आपल्याकडं पुराची भाषाच फुटात आहे, आणि ती आयर्विन पुलापाशी मोजायची. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ‘आयर्विनला किती?’ एवढं विचारलं की समोरच्याला पुढचं कळतं. २००५ चा पूर, २०१९ चा पूर (तेव्हा पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं) आणि लगोलग २०२१ चा, हे तिन्ही ज्यानं बघितलेत तो ‘पूरमुक्त परिसर’ ही जाहिरात वाचून हसतो. हसला की तुमचं पुढचं खरं असलं तरी तो ते मानत नाही.

तर हा लेख लिहायचा कसा? पहिल्यांदा ऑफिसातून उठा आणि त्या गल्लीत जा. किराणा दुकानदाराला विचारा, त्याहून बरं म्हणजे पिठाच्या गिरणीवाल्याला. मोटर वेळेत काढली होती की पाण्यात गेली, हे तो जन्मात विसरत नाही. ‘हितं, या कडीपर्यंत’ म्हणून तो दाराकडं बोट दाखवतो. टेप काढा, रस्त्यापासून त्या कडीपर्यंतची उंची मोजा, फोटो घ्या. लेखात घालायला याहून भक्कम पुरावा नाही. कुठल्या घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून असेल तर तिचाही फोटो घ्या, पण घरमालकाला विचारून.

मग ‘पाणी येतं’ या बोलण्याचे तीन भाग वेगळे करा, कारण लोक तिन्ही एकाच दमात म्हणतात. एक, नदीचं पाणी घरात शिरतं. कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या बाजूला चाळिशीच्या आसपासच माणसं सामान हलवायला लागतात. दोन, घर कोरडं राहतं पण रस्ते बंद होतात. दूध, औषध, शाळा, सगळं अडतं. तीन, नदी शांत असते पण पावसाचं पाणी जागेवर तुंबतं, जसं शामरावनगरच्या सखल भागात दर पावसाळ्यात ऐकायला मिळतं. तिन्हींचा त्रास वेगळा, उपाय वेगळा आणि किमतीवरचा परिणामही वेगळा. एवढा फरक नीट समजावून सांगितला तरी तुमचा लेख गावातल्या निम्म्या जाहिरातींच्या पुढं जातो.

त्यानंतर कागदाचा भाग. पूररेषा दोन असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा पट्टा बांधकामाला निषिद्ध, निळी ते लाल हा नियंत्रित, म्हणजे अटींवर परवानगी. रेषा जलसंपदा विभाग आखतो आणि त्या विकास आराखड्याच्या नकाशावर दाखवतात. आपली जागा कुठल्या बाजूला पडते ते महापालिकेच्या नगररचना विभागातून लेखी घ्या आणि लेखात तसं लिहा. ‘नदीपासून दोन किलोमीटर’ याला काही अर्थ नाही. पाणी अंतर बघत नाही, उंची बघतं.

एक नमुना देते. एका बिल्डरकडून आलेलं मूळ वाक्य असं होतं: ‘प्रकल्प पूरमुक्त क्षेत्रात असून नदीपासून सुरक्षित अंतरावर आहे.’ त्याच्या जागी मी या धर्तीवर लिहून दिलं:

‘२०१९ मध्ये आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी असताना या गल्लीत नदीचं पाणी आलं नव्हतं. मागच्या चौकात मात्र गुडघाभर होतं, आणि बाजारपेठेकडं जायचा रस्ता बंद होता. मोठा पाऊस झाला की समोरचा नाला भरतो आणि रस्त्यावर तासभर पाणी थांबतं. इमारतीचं पार्किंग रस्त्यापासून अडीच फूट उंच आहे. विजेची मीटरं तळमजल्यावर नाहीत, पहिल्या मजल्यावर घेतली आहेत.’

बिल्डरसाहेबांचा पहिला फोन अपेक्षेप्रमाणं आला: ‘मॅडम, नाल्याचं काढा की ते, उगं कशाला?’ अशा वेळी वाद घालू नये, एवढंच विचारावं: गिऱ्हाईक बुकिंगच्या आधी शेजारच्या बंगल्यात चौकशी करणार की नाही? करणारच. मग नाल्याची गोष्ट शेजाऱ्याच्या तोंडून कळलेली बरी की तुमच्या? आणि नाल्याशेजारी मीटरची उंची लिहिली आहे, ती वाचून माणूस म्हणतो, यांनी विचार केलाय. वाक्य राहिलं.

पाणी येणाऱ्या भागातलं घर विकायचं असेल तरी लेख लिहा. गावभागात माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात. गणपती मंदिर, बाजार, शाळा सगळं पायाखाली. त्यासाठी तीन-चार दिवसांची हलवाहलव त्यांना चालते. अशा घेणाऱ्यालाही माहिती हवीच असते: कितव्या मजल्यापासून निर्धास्त, लिफ्टची मोटर कुठं, पिण्याच्या पाण्याची टाकी वर की खाली, वीज किती दिवस बंद होती, गाड्या कुठं नेऊन लावतात. हे सगळं प्रांजळपणे लिहिलं की तक्रारीचे फोन कमी होतात.

पाण्याचा लेख मे महिन्यात टाका, पाऊस सुरू व्हायच्या आत. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पातळी चढायला लागली की विक्रीचं एक अक्षर टाकायचं नाही. २०१९ नंतर लगेच ‘आता तरी विश्रामबागेत या’ अशा जाहिराती फिरल्या होत्या. लोकांची भांडी-कुंडी अजून चिखलात होती. कुणाच्या ते लक्षात राहिलं नसेल असं समजू नका.

गुंठा, आर आणि फूट

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, मोजणी चौरस मीटरमध्ये येते, सौदा गुंठ्यात ठरतो आणि जाहिरात फुटात असते. गोंधळ इथूनच सुरू होतो, आणि काही एजंट तो मुद्दाम मिटवत नाहीत. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. ४० गुंठे म्हणजे एक एकर. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, फुटात साधारण १०७६. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे, पण एक नव्हेत.

आता ३० बाय ४० चा प्लॉट घ्या, १२०० चौरस फूट. बोलताना त्याला सर्रास ‘सव्वा गुंठा’ म्हणतात. सव्वा गुंठा म्हणजे १३६१ फूट होतात. फरक १६१ फुटांचा. फुटाला दोन हजार धरले तरी सव्वातीन लाखांचा. हे एवढं उदाहरण लेखात मांडा, वाचणारा लगेच स्वतःच्या कागदावर हिशेब करून बघतो. माझे सासरे (घरात आम्ही त्यांना मामा म्हणतो) या बाबतीत फार कडक आहेत. समोरचा गुंठ्यात बोलला की ते शांतपणे म्हणतात, ‘फुटात सांगा.’

फ्लॅटचंही तसंच. रेरा कायद्यानं (बांधकाम प्रकल्पांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा) विक्री कार्पेटवर करायची, आणि कार्पेट म्हणजे काय तेही त्यात लिहिलंय: घरातल्या आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि स्वतंत्र टेरेस धरायचं नाही. तरी बाजारात ‘बिल्टअप’, ‘सुपर बिल्टअप’ चालूच आहे. तुम्ही लेखात कार्पेट लिहा, बाल्कनी वेगळी लिहा, आणि पुढं खोल्यांची मापं द्या. मापांच्या पुढं आणखी एक ओळ: हॉलमध्ये सोफा ठेवून दिवाण बसतो का, स्वयंपाकघरात फ्रिजची जागा दाराआड येते का, देवघर कुठल्या भिंतीला होईल. ही ओळ बायका नक्की वाचतात, आणि आमच्या अनुभवात घर पसंत कुणी करायचं ते त्याच ठरवतात.

एकूण किती पडेल

किंमत लिहावी की नाही यावर बिल्डर आणि मी यांचं कायम वाजतं. त्यांचं म्हणणं, किंमत लिहिली की फोन येत नाहीत. माझं म्हणणं, जे फोन येत नाहीत ते कधी घेणारच नव्हते. रक्कम लिहायची नसेल तर निदान वरचे खर्च लिहा, कारण वहीत तो प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा सापडेल.

या लेखात काय काय येतं? बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी ५ टक्के. ४५ लाखांपर्यंतचा आणि आपल्यासारख्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचा असेल तर परवडणाऱ्या घरांचा १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटला जीएसटी नाही. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत वेगळं, ग्रामपंचायतीत वेगळं. ते लेख टाकायच्या दिवशी ताडून घ्या. राहतं घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, ही ओळ वाचून अनेक नवरे थबकतात. शुल्काचा हिशेब करारातली किंमत आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेला, दर यात जे जास्त असेल त्यावर होतो, हे सांगायला विसरू नका. ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहारात घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. त्यावर वकिलाची फी, मीटर, पार्किंग, सोसायटीची अनामत. एक काल्पनिक फ्लॅट घेऊन सगळी बेरीज शेवटपर्यंत करून दाखवा. अर्ध्यावर ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधा’ लिहिलंत तर वाचणारा चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

लेख म्हणजेही जाहिरात

‘जाहिरात वर्तमानपत्रातली, आपला तर साधा लेख आहे’ असं मानून चालू नका. २०१६ च्या रेरा कायद्यातली जाहिरातीची व्याख्या सगळ्या माध्यमांना लागू आहे. लेखात प्रकल्पाचं नाव घेऊन विक्रीचं बोललात की ती जाहिरात झाली. मग महारेरा (रेराचं महाराष्ट्रातलं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या वेबसाइटचा पत्ता ठळक हवा. ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. नोंदणीच्या आधी ‘लवकरच येत आहे, आत्ताच बुकिंग करा’ असा लेख टाकणं हा सरळ कायद्याचा भंग आहे. बिल्डर कितीही जवळचा असला तरी तो मजकूर मी लिहून देत नाही. प्लॉटिंगच्या लेआउटलाही नोंदणी लागते. तिथं तर ‘आपल्याला काय रेरा’ ही समजूत फार घट्ट आहे. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठाहून जास्त नसतील तर नोंदणीतून सूट आहे. तसं असेल तर तेच लेखात लिहा, उगीच मोघम ठेवू नका. एजंट असाल तर स्वतःचा नोंदणी क्रमांकही घाला.

कलम १२ प्रत्येक लिहिणाऱ्यानं एकदा वाचावं. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते, व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत. म्हणजे ‘स्टेशन पाच मिनिटांवर’ हे वाक्यही विचार करून लिहायचं. मी तर मिनिटं आणि वेळ दोन्ही लिहिते: ‘स्कूटीवरून, संध्याकाळी सहा वाजता.’ मंजूर नकाशात नसलेली बाग, जलतरण तलाव, क्लबहाऊस लेखात येऊच द्यायचं नाही.

सातबारा आणि शेतजमीन

शेतजमिनीचे प्रश्न आपल्याकडं संपत नाहीत. ऊसबिल आलं, बेदाण्याला दर मिळाला की जमिनीची चौकशी वाढते, आणि पुण्या-मुंबईकडून फार्महाऊसचीही. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही (कूळ कायद्याचं कलम ६३), हे पहिल्या परिच्छेदात सांगा. शेवटी सांगितलंत तर लोक ॲडव्हान्स देऊन बसलेले असतात.

तुकडेबंदीवर (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला बंदी) लिहिताना लेखाच्या डोक्यावर तारीख टाका. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याकडं किमान क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे झालं, २०२५ मध्ये रहिवासी भागातल्या छोट्या तुकड्यांसाठी पुन्हा बदल आले. जुना लेख वाचून कुणी सौदा केला तर शिव्या आपल्याला. गुंठेवारीचंही तेच. २००१ च्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती होऊन डिसेंबर २०२० अखेरपर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट मिळाली. पण ‘वाट मिळाली’ म्हणजे ‘झालं’ नव्हे. तुमच्या प्लॉटचा नियमितीकरणाचा दाखला हातात आहे की अर्ज पडून आहे, ते स्पष्ट लिहा.

‘सातबारा कसा वाचायचा’ हा लेख सगळेच लिहितात, बहुतेक जण व्याख्या सांगून थांबतात: नमुना ७ मालकीचा, नमुना १२ पिकांचा. तुम्ही खरा उतारा समोर घ्या. महाभूमीच्या साइटवर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. नावं आणि गट नंबर काळ्या पट्टीनं झाका, मग एकेका रकान्यावर बोट ठेवून सांगा. ‘इतर हक्क’ या रकान्यावर जास्त वेळ घालवा: विकास सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, कुळाचं नाव, बहिणींची वारस नोंद, सगळं तिथं लपलेलं असतं. भोगवटादार वर्ग-२ दिसलं तर परवानगीशिवाय विक्री नाही. फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदी, यांचे क्रमांकही दिसतात. शेवटचा फेरफार काढून वाचायला सांगा. आणि सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड बघायचं, हे नव्या पोरांना सांगावंच लागतं.

लांबून वाचणारे

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सोनं-चांदी गाळायची दुकानं तिकडं, घर मात्र विट्यात नाहीतर सांगलीत हवं. यांचा निर्णय दुकान बंद केल्यावर रात्री, मोबाइलवर होतो, आणि तुमचा लेख ते भावाला, मेव्हण्याला, गावाकडच्या चुलत्याला पाठवतात. त्यांच्यासाठी लेखात सही कधी आणि कुठं लागते, कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) कुणाच्या नावानं करायचं, ते तिकडं केलं तर इकडं काय पूर्तता लागते, रक्कम कुठल्या खात्यात टाकायची, हे क्रमानं लिहा. एकूण किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला घेता येत नाही, ही ओळ जाड अक्षरात टाका. लांबच्या माणसाला धीर येतो. गल्लीच्या टोकापासून दारापर्यंत न थांबता, गाणं न लावता काढलेला व्हिडिओ द्या. आजूबाजूचा कचरा, ट्रान्सफॉर्मर, कुत्री दिसू देत.

लिहिण्याचं थोडं. बोला तसं लिहा, वाक्यं आखूड ठेवा, ‘सदनिका’ म्हणू नका, फ्लॅट म्हणा. फोटो स्वतः काढा, दुपारी चारच्या उजेडात, समोरचा रस्ता येईल असा. शाळा, दवाखाना यांची यादी देऊ नका. मिरजेत मोठ्या हॉस्पिटलांचं जाळं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, रात्री दोनला तुमच्या बिल्डिंगपाशी रिक्षा मिळते का ते सांगा. तयार मजकूर कॉम्प्युटरकडून लिहून घेत असाल तर घ्या, पण त्यातलं ‘निसर्गरम्य’ आणि ‘अत्याधुनिक’ काढल्यावर काय उरतं ते बघा.

किती लेख लिहायचे? आठवड्याला तीन असं काही जण सांगतात. मला महिन्याला एक नीट केलेला पुरतो. पितृपक्षात बुकिंग थंड असतं, लोक त्या दिवसांत वाचून ठेवतात आणि दसऱ्याला येतात. भाद्रपदात जरा जास्त लिहा. त्याहून जास्त वेळ जुन्या लेखांना द्या. एप्रिल लागला की रेडी रेकनर बदललं का बघून खर्चाचा लेख सुधारायचा आणि वर ‘सुधारित’ म्हणून तारीख घालायची. पूर येऊन गेला की पाण्याच्या लेखात नवीन वर्ष जोडायचं. विकलेल्या फ्लॅटचा लेख काढू नका, वर ‘विकला गेला’ लिहा आणि फोन नंबर राहू द्या. त्यावरून त्याच बिल्डिंगमधल्या दुसऱ्या फ्लॅटची विचारणा होते.

राहता राहिलं ऑफिसातलं. लेखाखाली ज्याचा नंबर दिलाय त्यानं लेख वाचलेला हवा. पलीकडून ‘तुमी नाल्याचं लिवलंय, तो नाला आता साफ झाला का?’ असा फोन येतो आणि इकडचा पोरगा ‘कुठला नाला?’ म्हणतो, तेव्हा तुमची सगळी मेहनत त्या दोन शब्दांत जाते. आमच्याकडं नवीन लेख आधी छापून टेबलाच्या काचेखाली जातो, मग वेबसाइटवर.